आसन रिकामं ठेवायचं असतं

अश्विन वद्य पंचमीला ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरीत लाखो माणसं एकदम गप्प होतात. ११ ऑक्टोबर १९६८ ला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला, ती ही वेळ. त्याच मिनिटाला विदर्भातल्या गावोगावच्या शाखांमध्येही मौन पाळतात. आमच्या शाखेत मात्र एका वर्षी ते दोनदा पाळलं गेलं.

झालं असं की अध्यक्षांचं मनगटी घड्याळ सहा मिनिटं पुढे. एसटी चुकू नये म्हणून त्यांनी ते जन्मभर तसंच ठेवलेलं. त्यांच्या घड्याळात अठ्ठावन्न झाले तशी त्यांनी घंटी वाजवली. आम्ही डोळे मिटले, हात जोडले. डोळे उघडले, खोकणाऱ्यांनी खोकून घेतलं, लेकरं पाणी प्यायला उठली, आणि तेवढ्यात एका पोराच्या मोबाइलवर मोझरीचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. तिथं मौन आत्ता लागत होतं. पुन्हा घंटी, पुन्हा मौन. दुसऱ्यांदा डोळे उघडल्यावर मागच्या ओळीतली एक काकी जरा मोठ्यानंच म्हणाली, "मंग पहिलं मौन कोनाले होतं?"

शाखेच्या इतिवृत्तात मी लिहिलं, "मौन श्रद्धांजली उत्साहात पार पडली." मौन उत्साहात कसं पाळतात हे मला कुणी विचारलं नाही. इतिवृत्त कुणी वाचतच नाही.

मी अकरा वर्षं या शाखेचा सचिव आहे. प्रार्थना मंदिराची किल्ली, हजेरीची वही, पावतीबुक आणि पंगतीच्या याद्या माझ्याकडे. गाव वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, अडाण नदीच्या अंगाला. नाव सांगत नाही, कारण पुढचं वाचून गावात कुणाचा चहा मला मिळणार नाही. पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या आमच्या आहेत, आमच्या एका शाखेच्या. मोझरीला त्यात ओढू नये.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकासाठी थोडं सांगतो. तुमच्याकडे वारी, तशी आमच्या वऱ्हाडात भगवी टोपी. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या माणिक इंगळे नावाच्या पोरानं वरखेडच्या आडकोजी महाराजांना गुरू केलं, तुकड्यादास झाला आणि खंजिरी घेऊन गावोगाव फिरला. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात घातलं. बाहेर आल्यावर महाराजांनी गावोगावी श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा उभ्या केल्या. पुढे ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली, तीही देवाला नाही, ग्रामदेवतेला म्हणजे गावालाच अर्पण केली. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, मधल्या वेळात झाडू. एकमेकांना भेटलो की 'जय गुरु'. मंडळ म्हणजे एवढंच, आणि एवढं पाळणंही पुष्कळ आहे.

या प्रार्थनेतली मला लहानपणापासून आवडत आलेली गोष्ट म्हणजे समोरचं अधिष्ठान. स्वच्छ पांढरी गादी, मागे तक्क्या आणि वर कुणी नाही. मूर्ती नाही, फोटो नाही. ज्याचा जो देव असेल तो त्यानं तिथं पाहावा, नसेल तर नुसतं स्वच्छ कापड पाहावं. 'गुरुदेव' हे तुकडोजी महाराजांचं नाव नाही, ते त्या गुरुतत्त्वाचं नाव आहे, हे आमच्या गुरुजींनी आम्हाला पाचवीत असताना समजावलं होतं. रिकाम्या गादीसमोर पन्नास माणसं ओळीत, बाहेर त्यांच्या चपलाही ओळीत. सात-आठ वर्षांच्या पोराला ते पाहून उगाच शहाणं झाल्यासारखं वाटायचं.

आज त्या गादीवर चार फूट उंच फोटो आहे.

तो कसा आला, हे सांगायला हवं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हातात पैसा आला आणि त्यातला थोडा प्रार्थना मंदिरातही आला. फरशी आली, नवे पत्रे आले, आणि एका घराकडून महाराजांचा फोटो आला, सोनेरी चौकटीचा. खाली दात्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आणि फोटो काढणाऱ्या स्टुडिओचंही नाव. फोटो आधी गादीमागच्या भिंतीवर लावला होता. त्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, काचेच्या आतून बुरशी चढायला लागली. कुणीतरी म्हणालं, भिंत सुकेपर्यंत चार दिवस गादीवर ठेवून देऊ. ते चार दिवस अजून संपले नाहीत.

कुणी ठराव केला नाही की चर्चा केली नाही. धर्म बदलायला फार मोठं काही लागत नाही, भिंतीची ओल पुरते. पुढच्या महिन्यात फोटोला हार आला. मग उदबत्तीचं घर आलं. मग नारळ. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी एकानं गादीसमोर नवस बोलला आणि तुरीला भाव आल्यावर फेडला. देव कोणत्या पिकाचा, हा घोळ त्याचा तोच जाणे.

एका संध्याकाळी मी लवकर जाऊन फोटो उचलला आणि बाजूच्या स्टुलावर ठेवला. प्रार्थनेआधीच गलका झाला. "महाराजाले खाली ठेवलं!" मी ग्रामगीता उघडली, सामुदायिक प्रार्थनेचा अध्याय काढला. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "सचिवभाऊ, पुस्तकात लय लिहिलं असते. आपल्याले गावात राहा लागते." फोटो परत गादीवर गेला. मी वहीत लिहिलं, "फोटोबाबत चर्चा झाली." इतिवृत्ताची भाषा मोठी दयाळू असते. तिच्यात कधी कुणी हरत नाही.

आता अंधारातली गोष्ट सांगतो.

भारनियमनाचे दिवस होते. मी तेव्हा सचिव नव्हतो, साधा सेवक. उन्हाळ्यातली संध्याकाळ, प्रार्थना निम्म्यावर आलेली आणि लाइन गेली. माइक मेला. पुढे बसून प्रार्थना सांगणारे काकाजी पुस्तकात पाहून सांगायचे. चाळीस वर्षं सांगत होते, पण पुस्तकावाचून त्यांना एक ओळ सुचत नसे. ते थांबले. त्यांच्यामागे सगळे थांबले. अंधारात कुणी चष्म्याचं घर शोधतंय, कुणी मोबाइलचा दिवा लावायला बघतंय.

तेवढ्यात शेवटच्या ओळीतून, खांबाजवळून आवाज आला. दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जाणारी, शाळेची पायरी न चढलेली काकी. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिनं जिथं तुटलं होतं तिथून अचूक उचललं आणि पुढे नेलं. आवाज काही गोड वगैरे नव्हता. दिवसभर वावरात हाका मारून फुटलेला होता. पण चाल पक्की होती. पुरुषांच्या ओळी एक-एक करत तिच्यामागे आल्या. राष्ट्रवंदनेपर्यंत तिनं सगळं नेलं, आणि संपल्यावर अंधारातच चप्पल घालून घरी गेली, कारण चुलीवर दाळ होती.

पुढच्या मासिक सभेत पहिला विषय होता इन्व्हर्टर. एकमतानं मंजूर. पैसे तिथल्या तिथं जमले. इन्व्हर्टरवर दात्यांची नावं रंगवली. त्या रात्रीतून आमच्या शाखेनं घेतलेला बोध तो एवढाच.

सचिव झाल्यावर मी एकदा सुचवलं की गुरुवारची प्रार्थना काकीनं सांगावी. उत्तर आलं, "तिले माइक धरता येत नाही." मी ते तिला सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती हसली. म्हणाली, "मले कायले पाहिजे माइक? तुमीच धरा तो घट्ट."

ग्रामगीतेत 'महिलोन्नति' नावाचा अख्खा अध्याय आहे. आमच्याकडे तो दरवर्षी महिला दिनाला वाचतात. वाचणारा पुरुष असतो. दोन वर्षं तो मीच होतो.

पुण्यतिथीच्या भंडाऱ्याची गोष्ट सांगायला मला सगळ्यात जड जातं, कारण तिथं माझं हस्ताक्षर आहे. वरण, भात, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी. आदल्या रात्री आम्ही कामांची यादी करतो आणि मंदिराच्या भिंतीला चिकटवतो. स्वयंपाक, पाणी, मंडप, सतरंज्या, चपला, वाढप, भांडी. प्रार्थनेत आम्ही सगळे एका ओळीत. जो जिथं येईल तिथं बसेल, ही शिस्त महाराजांनीच घालून दिली आणि आम्ही ती मोडलेली नाही. पण यादी प्रार्थनेत होत नाही. ती होते अध्यक्षांच्या ओसरीवर.

आमच्यात एक सेवक आहे, बौद्ध वस्तीतला. त्याचा बाप प्रार्थनेला यायचा, म्हणून हाही येतो. त्याचे स्वतःचे लोक त्याला विचारतात, तिथं कायले जातं? त्यांचं विचारणं अगदीच चुकीचं नाही. ह्याचं नाव दरवर्षी तीन ठिकाणी असतं: मंडप, सतरंज्या, भांडी. वाढपात कधीच नाही. पहिल्या वर्षी मी विचारलं तेव्हा एक जुने सेवक म्हणाले, "वाढाले जुने हात लागतात, बापा. पोरासोराचं काम नाही ते." ह्याचं वय तेव्हा बेचाळीस. वाढपात बारावीची पोरं होती. मी मान हलवली आणि यादी लिहिली. तशा अकरा याद्या माझ्या अक्षरात आहेत.

एका वर्षी वाढपी कमी पडले. मोझरीहून परतणारी गाडी वाटेत बंद पडली होती, पंगत बसलेली, वरण थंड होत चाललेलं. ह्यानं कुणाला न विचारता वरणाची बादली उचलली आणि ओळीत शिरला. मी बुंदी घेऊन त्याच्या मागे होतो. कुणी उठलं नाही, कुणी काही बोललं नाही. पहिल्या चौघांनी घेतलं. पाचव्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला, "पुरे, पुरे." त्याच्या पत्रावळीत कोरडा भात होता. सहाव्यानंही तसंच. मग परत दोघांनी घेतलं, एकानं तर मागून घेतलं. मग परत एक आडवा हात. ओळ संपेपर्यंत तीन हात झाले. ओळ संपल्यावर ह्यानं बादली मांडवाच्या खांबाशी ठेवली आणि मागे जाऊन भांडी घासायला बसला. मीही बुंदी ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसायला पाहिजे होतं. मी दुसऱ्या ओळीत बुंदी वाढत गेलो.

रात्री हिशेबाला बसलो तेव्हा अध्यक्ष समाधानानं म्हणाले, "पाह्यलं ना? कोनी एक शब्द बोललं नाही. आपल्या गावात भेदभाव नाही."

मुंबईच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मग सोडून द्या मंडळ. शहरात हे सोपं असतं. एक संस्था सोडली तर कोपऱ्यावर दुसरी मिळते. पण त्यांनीच मला विठ्ठल रामजी शिंद्यांचं उदाहरण दिलं आणि ते मनात राहिलं. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज ही मूर्ती न मानणारी, पुरोहित न मानणारी, सुशिक्षितांची सभा. शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला धर्मशिक्षण घ्यायला गेले, १९०३ ला परतले आणि समाजाचे प्रचारक झाले. प्रवचन, उपासना सगळं केलं. आणि १९०६ ला अस्पृश्यांसाठी वेगळं मिशन काढलं, कारण एका खोलीत बसून सगळे एकाच ईश्वराची लेकरं असं म्हणणं आणि खोलीबाहेर तसं वागणं यांत त्यांना अंतर दिसलं. प्रार्थना समाजाची थोर माणसं, रानडे, भांडारकर, शाळेच्या पुस्तकात राहिली. पण ती उपासना कारंजा तालुक्यात कधी पोचली नाही. तुकडोजी महाराजांची पोचली, खंजिरीवर पोचली. निंदणाला जाणाऱ्या काकीला ती तोंडपाठ आहे. एवढ्या खोल गेलेली गोष्ट सोडून मी कुठं जाऊ?

तेरवीचं थोडक्यात सांगतो. ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर अध्याय आहे, खर्चिक कर्मकांड नको म्हणून. आमचे एक जुने सेवक गेले. त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, माझ्यामागे फक्त सामुदायिक प्रार्थना करा, पिंड नको, गावजेवण नको. मुलांनी सकाळी पिंड केले, दुपारी पाचशे पानं जेवू घातली आणि संध्याकाळी आम्हाला प्रार्थनेला बोलावलं. थोरला म्हणाला, "बाबाचंबी राह्यलं, नातेवाइकाचंबी राह्यलं." मला राग आला नाही. त्याच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती.

मला कुणी विचारलं, शाखेत तू काय बदलशील, तर आधी काय बदलणार नाही ते सांगेन. चपलांच्या ओळी बदलणार नाही. प्रार्थना ठरल्या वेळी सुरू होते आणि ठरल्या वेळी संपते, ते बदलणार नाही. लग्न, सभा, एसटी यांतलं काहीही आमच्या गावात वेळेवर होत नाही. शेवटची काही मिनिटं माणसं गप्प बसतात, तेव्हा बाहेर ट्रॅक्टर चालू असला तरी आत वाऱ्याचा आवाज येतो. ती मिनिटं नसती तर मी अकरा वर्षं किल्ली सांभाळली नसती. गाडगेबाबांचा झाडू आणि महाराजांची खंजिरी या दोन गोष्टींनी आमच्या बापजाद्यांना देवळाबाहेरचा देव दाखवला, हे मी जन्मभर म्हणेन.

बाकी बरंच बदलीन. फोटो गादीवरून उतरवीन. भिंत केव्हाच सुकली आहे. इन्व्हर्टरवरची नावं पुसून टाकीन. शाखेचा अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलला पाहिजे असा नियम करीन, आणि सचिवही, म्हणजे आधी मला काढा. पोरं येत नाहीत म्हणून ओरडणं बंद करीन. ग्रामगीतेची परीक्षा देऊन प्रशस्तिपत्र घेतलेली पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत, कारण त्यांना पहिल्या ओळीत कुणी बसू देत नाही. तिथं बसायचं म्हणजे पोराचे केस पिकले पाहिजेत. शेजारच्या तांड्यावरची एक मुलगी परीक्षेत तालुक्यात वर आली होती. सत्काराला तिला शाल दिली, नारळ दिला, आणि भाषण अध्यक्षांनी केलं.

फोटोचं माझ्या एकट्याच्या हातात नाही, ते एकदा करून पाहिलं. काकी आता थकली आहे, पण परवा विचारलं तेव्हा नाही म्हणाली नाही. म्हणाली, "अंधार पडू दे, मंग पाहू."

यादी मात्र माझ्या हातात आहे. या वर्षीच्या पुण्यतिथीची मी कालच लिहिली, अध्यक्षांच्या ओसरीवर नाही, माझ्या घरी. वाढपात पहिलं नाव त्याचं, वरणाची बादली. दुसरं माझं, त्याच्या मागे नाही, पुढे, भाताचं टोपलं घेऊन. म्हणजे ज्याला हात आडवा धरायचा असेल त्यानं तो आधी माझ्यासमोर धरावा. त्याला विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लिहा. पन भांड्यातून माहं नाव काढू नका, तिथं बरं वाटते."

यादी अजून भिंतीला लावलेली नाही. खिशात आहे.